वार सांगा, साहेब

आमच्या कंपनीच्या पाटीवर 'लिफ्टची देखभाल व दुरुस्ती' असं लिहिलेलं आहे. मी तिथे फोनवर बसते, त्यामुळे मला विचाराल तर आम्ही मुख्यतः वेळ मारून नेतो. लिफ्ट बंद पडली की तिच्या दारावर आमची नोटीस लागते. ती इंग्रजीत असते. ती वाचून माणसं मला फोन करतात आणि विचारतात, "बाई, म्हणजे नक्की कधी?" आता मी काही ज्योतिषी नाही, आणि ज्यांना ते ठाऊक असायला हवं ते माझ्या मागच्या काचेच्या केबिनमध्ये बसून पुढची नोटीस लिहीत असतात.

ते आमचे हेडक्लार्क. मालकांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना पाठीमागे दरम्यानसाहेब म्हणतात, कारण मराठीत वेळ सांगायची पाळी आलीच तर 'सोमवार ते शुक्रवारच्या दरम्यान' यापलीकडे ते जात नाहीत. डबा कधी खाणार विचारलं तर एक ते दोनच्या दरम्यान. लग्न कधी झालं विचारलं तर उन्हाळ्याच्या दरम्यान. हे दुसरं उत्तर त्यांच्या बायकोच्या कानावर गेलं तेव्हा घरी काय झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण पुढचे काही दिवस डबा आला नाही. शर्ट पूर्ण बाह्यांचा, बटणं मनगटापर्यंत लावलेली, खिशात दोन पेनं. एक लिहायला, दुसरं सही करायला. राहायला तळमजल्यावर. लिफ्ट कंपनीत जन्म काढलेला माणूस तळमजल्यावर घर घेतो यातच काय ते समजा.

दरम्यानसाहेब मुळातच असे नव्हते. नव्याने कामाला लागले तेव्हा त्यांनी एका बिल्डिंगला स्वच्छ मराठीत नोटीस लावली होती, 'लिफ्ट सोमवारी सुरू होईल.' सोमवारी लिफ्ट सुरू झाली नाही. तिथे वरच्या मजल्यावर व्यायामशाळेचे मास्तर राहायचे. ते मंगळवारी जिना उतरले, नोटीस चिकटपट्टीसकट काढली, आमच्या ऑफिसात आले आणि काही न बोलता ती साहेबांच्या कपाळावर चिकटवून गेले. मालकांसमोर, मेकॅनिकांसमोर, माझ्यासमोर. साहेबांनी ती हळूच सोडवली, घडी केली, कचऱ्याच्या टोपलीत टाकली. दुसऱ्या दिवशी ते घरून इंग्रजी व्याकरणाचं जाडजूड पुस्तक घेऊन आले, आणि मराठी नोटिशी संपल्या.

त्या पुस्तकात त्यांना चार शब्द सापडले. बाय, टिल, इन आणि विदिन. आमचे खरे मेकॅनिक कामावर येवोत न येवोत, हे चौघे रोज हजर. 'बाय फ्रायडे' लिहायचं. लोक समजतात शुक्रवारच्या आत, आपण समजायचं शुक्रवार मावळेपर्यंत, आणि शुक्रवार दुकान बंद होताना मावळतो की मध्यरात्री, हे कोणी विचारलं तर पुन्हा पुस्तक उघडायचं. 'इन टू वीक्स' लिहायचं. भोळ्या माणसाला वाटतं दोन आठवड्यांच्या आत कधीही, अनुभवी माणसाला कळतं की दोन आठवडे तर सरू देत, मग बघू. 'विदिन' तर त्यांचा सगळ्यात लाडका, कारण कधीपासून मोजायचं ते त्याला विचारायचीच सोय नाही. एकच शब्द त्यांनी केबिनमध्ये येऊ दिला नाही. "ऑन मंडे लिहिलं की मंगळवारी आपली मान लोकांच्या हातात," असं ते म्हणायचे आणि नकळत कपाळावरून हात फिरवायचे.

'टिल'वरून एका बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावरचे इंग्रजीचे निवृत्त मास्तर आणि पाचव्या मजल्यावरचे वकील यांच्यात चांगलीच जुंपली. मास्तरांच्या मते 'टिल मंडे बंद' म्हणजे सोमवार धरून बंद. वकिलांच्या मते सोमवार सोडून. वकील सोमवारी सकाळी कोट घालून लिफ्टपाशी उभे राहिले आणि मास्तर वरून कठड्यावर वाकून त्यांच्याकडे बघत राहिले. मग दोघांनी वेगवेगळे फोन करून माझ्याकडे निवाडा मागितला. मी साहेबांना विचारलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "दोघांचंही बरोबर आहे." लिफ्ट गुरुवारी सुरू झाली. ही बिल्डिंग लक्षात ठेवा.

तुम्ही म्हणाल, असल्या नोटिशींवर कंपनी चालते कशी? नोटिशींवर चालतच नाही. आमच्याकडे फोरमन आहे, पोट सुटलेला, वस्तादासारखा माणूस. तो रोज सकाळी माझ्या टेबलापाशी चहा घेऊन उभा राहतो आणि विचारतो, "बाई, काल कोण ओरडलं?" मी सांगते. एकाने नुसती चौकशी केली, एकीने मालकांचं नाव घेतलं, एकाने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. फोरमन चहा संपवतो, आणि ज्याने उद्धार केला त्याच्याकडे आधी माणसं धाडतो. नोटीस त्याने आजवर वाचलेली नाही. त्याला इंग्रजी येत नाही असं नाही, गरज पडली नाही. आमच्या कंपनीत लिफ्ट सुरू होते ती ओरडण्याच्या क्रमाने. हे मालकांना माहीत आहे, मेकॅनिकांना माहीत आहे, आणि आता गावातल्या बहुतेक बिल्डिंगांनाही माहीत झालं आहे. ज्यांना माहीत नव्हतं असे एकच गृहस्थ काचेच्या केबिनमध्ये बसून होते. त्यांना खरंच वाटायचं की आपण कागद लिहितो म्हणून लोखंड हलतं.

दिवसभर मी काय ऐकते म्हणाल तर एकच वाक्य. "बाई, ते बाय नि विदिन ठेवा बाजूला. वार सांगा." मला वार माहीत नसायचा. मी गोड आवाजात नोटीस पुन्हा वाचून दाखवायची आणि पलीकडचा माणूस आणखी चढायचा. साहेबांच्या इंग्रजीपायी मी इतक्या शिव्या खाल्ल्या आहेत की त्या सगळ्या घरी नेल्या असत्या तर ठेवायला जागा पुरली नसती. त्यांच्यावर माझा राग होता, आणि तो मी लपवलाही नाही.

रोज दुपारी मात्र एक फोन असा यायचा की त्याची मी वाट बघायची. साहेबांच्या आक्काचा. आक्का त्यांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले तेव्हा तिने शाळेचे गणवेश शिवून या भावाला वाढवलं, शिकवलं. चांगल्या इंग्रजी शाळेत घातलं, तेही शिवणाच्याच जोरावर. स्वतः लग्न केलं नाही. "राहून गेलं बाई," असं मला एकदा म्हणाली, जणू गॅसवर दूध राहून गेलं होतं. आता ती त्या मास्तरवकिलांच्याच बिल्डिंगमध्ये सहाव्या मजल्यावर एकटी राहायची. गुडघे गेलेले, अंगाने भरलेली, एक डोळा विझलेला. उरलेल्या डोळ्यातही पाणी साचून दाब वाढला होता. बाहेरगावचा एक सर्जन इथल्या लहानशा हॉस्पिटलात येऊन ऑपरेशनं करून जायचा. त्याने आक्काला गुरुवार दिला होता आणि तोंडावर सांगितलं होतं की हा डोळा फार थांबणार नाही.

"गुरुवारी सकाळी," आक्का मला फोनवर म्हणाली. "डॉक्टरने वार सांगितला बघ. किती बरं वाटतं वार सांगितला की."

आणि त्या गुरुवारच्या आधीच्या आठवड्यात तिच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली. लिफ्ट ओढणाऱ्या लोखंडी दोराचे पदर तुटले होते, अख्खा दोर बदलायचा होता. नवा दोर आमच्या गोदामात आला होता, वेटोळं करून पडला होता. फक्त माणसं धाडायची होती.

दरम्यानसाहेबांनी त्या दिवशी केबिनचं दार लावून घेतलं. एका नोटिशीला त्यांनी अर्धी दुपार घातली. तीन कागद फाडले. शेवटी जी निघाली ती मला त्यांनी स्वतः आणून दाखवली. 'बाय वेनस्डे.' सगळ्यात नेमकं, असं त्यांचं म्हणणं. बहिणीसाठी त्यांनी 'विदिन' टाळला होता, आणि याचा त्यांना अभिमान वाटत होता.

मी म्हटलं, "साहेब, नोटीस छान आहे. पण फोरमनला एकदा तोंडाने सांगा."

"त्यात लिहिलंय की."

"लिहिलंय हो. पण तुम्ही जरा ओरडा त्याच्यावर. इथे ओरडल्याशिवाय काही होत नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना भर बाजारात नाचायला सांगितलं होतं. "बाई," ते म्हणाले, "आपण ओरडत नाही. आपण लिहितो."

ते नोटीस घेऊन स्वतः गेले आणि स्वतःच्या हाताने लिफ्टच्या दारावर चिकटवली. इथेच घात झाला. एरवी ती बिल्डिंग ओरडण्यात पहिल्या नंबरची. एकटे वकीलच आमच्या फोरमनला दोनदा घाम फोडायचे. पण कंपनीचे साहेब जातीने आलेले पाहून सगळे निश्चिंत झाले. यांची सख्खी बहीण सहाव्या मजल्यावर आहे म्हटल्यावर लिफ्ट होणारच की. वकिलांनी फोन केला नाही. मास्तरांनी केला नाही. आक्का तर मला फोन करून एवढंच सांगायची, की माझा भाऊ बघतोय ते.

मी फोरमनला दोनदा आठवण केली. तो म्हणाला, "साहेब स्वतः काही बोलले का? नाही ना? तिथून कोणी ओरडलं का? मग घाई नसेल बाई. इकडे प्रसूतिगृहाची लिफ्ट अडकलीय, तिथले नवरे मला फाडून खातायत." त्याचंही खोटं नव्हतं. बुधवार आला आणि गेला. दोर गोदामातच होता. संध्याकाळी मी साहेबांच्या काचेवर टकटक केलं आणि विचारलं, लिफ्टचं झालं का? ते म्हणाले, "बाय वेनस्डे आहे ना? झालं असेल." आणि टेबलाचं कुलूप लावून घरी गेले.

गुरुवारी सकाळी ऑफिस उघडल्यावर पहिलाच फोन आला. नंबर अनोळखी, आवाज घोगरा, धापा टाकणारा.

"लिफ्ट कधी सुरू होणार?"

मी रोजच्या सवयीने विचारलं, "कोणती बिल्डिंग?"

त्यांनी सांगितली, आणि तेव्हा मला आवाज ओळखू आला. झालं होतं असं, की साहेब खाली टॅक्सी उभी करून, फोन टॅक्सीतच ठेवून वर गेले होते. लिफ्टच्या दारावर त्यांचंच अक्षर आणि आत अंधार. जिन्याने वर जाऊन त्यांनी आक्काला खुर्चीत बसवलं. एका बाजूने ते, दुसऱ्या बाजूने वकील, असे दोघे तिला उतरवायला लागले. चौथ्या मजल्याच्या वळणावर वकिलांच्या कमरेत उसण भरली आणि ते तिथेच भिंतीला धरून खाली बसले. खुर्ची वरही जाईना आणि खालीही येईना. आक्का मांडीवर हॉस्पिटलची पिशवी घेऊन जिन्याच्या मध्यात बसून होती, आणि साहेब मास्तरांच्या घरातून मला फोन करत होते. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की ज्या माणसामुळे मी इतकी वर्षं लोकांचं ऐकून घेतलं तो माणूस आज फोनच्या पलीकडच्या टोकाला आहे.

मी खोटं बोलणार नाही. मला गोड वाटलं.

"साहेब," मी माझ्या सगळ्यात मऊ आवाजात म्हटलं, "तिथे नोटीस लागलेली आहे. बाय वेनस्डे."

"बाई, आज गुरुवार आहे."

"हो साहेब. पण बाय म्हणजे कसं धरायचं, ते एकदा पुस्तकात..."

"खड्ड्यात गेलं पुस्तक," साहेब ओरडले. "ते बाय नि फाय ठेवा बाजूला. माणसं कधी येतायत ते सांगा. माझी आक्का जिन्यात बसलीय. खुर्चीत. खाली टॅक्सी थांबलीय, तिकडे डॉक्टर थांबलाय. कोणाला तरी पाठवा. आत्ता पाठवा."

माझा रिसीव्हर कानाला होता तरी टेबलापलीकडे उभ्या फोरमनला शब्द न् शब्द ऐकू गेला. त्याने चहाचा कप खाली ठेवला. "हा कोण? दमदार आहे."

"साहेब आहेत," मी म्हटलं. माझा गोडवा एव्हाना कुठच्या कुठे गेला होता. आक्काची पिशवी माझ्या डोळ्यांसमोर आली. त्या पिशवीत ती चष्म्याचं घर, रुमाल आणि शेंगदाण्याची पुडी ठेवायची, हे मला तिनेच सांगितलं होतं.

फोरमनने अर्धा चहा तसाच टाकला. आमच्याकडे तो चहा कधी टाकत नाही. दोन मेकॅनिक घेतले, दोराचं वेटोळं गाडीत टाकलं आणि गेला. लिफ्टच्या मोटरी जिन्याने चढवणारी माणसं ती, आक्काला त्यांनी खुर्चीसकट अलगद खाली आणलं. फोरमनने मला सांगितलं, की उतरताना आक्काने भावाला विचारलं, आपण पोचणार कधी? साहेबांनी तोंड उघडलं. ती म्हणाली, "इंग्रजीत सांगू नकोस रे."

ते पोचले तेव्हा सर्जन निघून गेला होता. त्याला दुसऱ्या गावी दुसरे डोळे होते. लिफ्ट संध्याकाळपर्यंत सुरू झाली आणि आक्का तिच्यातूनच वर गेली. अगदी झोकात, फोरमन म्हणाला, एक धक्का नाही बसला.

शुक्रवारी साहेब वेळेवर आले. आता साहेब सुधारले, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही आमच्या कंपनीला ओळखत नाही. दुपारपर्यंत त्यांनी दोन बिल्डिंगांना नोटिशी काढल्या, एक 'इन टेन डेज', एक 'विदिन'. मी त्या टेबलावर पाहिल्या आणि मस्तकात तिडीक गेली. ज्या माणसाच्या बहिणीचा डोळा टांगणीला लागलाय, तो दुसऱ्यांच्या बहिणींना खुशाल टांगत होता. मी ते तोंडावर बोलणार होते, तेवढ्यात रोजचा फोन आला.

"दे गं त्याला," आक्का म्हणाली.

मी केबिनमध्ये लाइन देणार तर साहेबच बाहेर आले आणि माझ्या टेबलापाशी उभे राहिले. रिसीव्हर माझ्याच हातून घेतला. आक्काचा आवाज मोठा, आयुष्यभर शिलाई मशीनच्या आवाजावर बोललेला. मला सगळं ऐकू येत होतं.

"माझं ऑपरेशन कधी आहे आता?"

"होईल गं आक्का. लवकरच."

"लवकर म्हणजे?"

साहेबांचा मोकळा हात कपाळावर गेला.

"हे बघ," आक्का म्हणाली, "तुझ्या नोटिशी मला आधीही कळत नव्हत्या, आता तर दिसतही नाहीत. आज सकाळी नळ सोडला तर पाणी येतंय ते ऐकूनच कळलं. मला भीती वाटते रे. मी काही तुला जाब विचारत नाही. तू नुसता वार सांग. वार कळला की मी दिवस मोजत बसेन. नाहीतर मी काय मोजू?"

हॉस्पिटलने वार दिलेला नव्हता. सकाळी त्यांना फोन मीच जोडून दिला होता, त्यामुळे मला ते माहीत होतं.

"गुरुवार," साहेब म्हणाले.

"कोणता?"

"येता गुरुवार. सकाळी."

"नक्की?"

"नक्की, आक्का."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. आवाजातूनच कळलं की तिने पाठ टेकली. "मग मी पिशवी भरलेलीच ठेवते."

फोन ठेवल्यावर साहेब जागचे हलले नाहीत. कपाळावरच्या त्या सोमवारनंतर इतक्या वर्षांत त्यांनी कुणालाही दिलेला हा पहिला वार, आणि तो त्यांच्यापाशी नव्हता. माझ्याजवळ त्यांच्यासाठी भरपूर ठेवणीतलं होतं, पण त्यातलं काही त्या वेळी तोंडात आलं नाही. त्यांनी माझ्या बाजूचं स्टूल ओढलं, ज्यावर फोरमन चहाचा कप ठेवतो ते, आणि मनगटाची बटणं सोडली.

"हॉस्पिटल जोडून द्या, बाई."

मी जोडून दिलं. पलीकडे माझ्यासारखीच कोणी बाई असणार. तिने गोड आवाजात काहीतरी सांगितलं. साहेबांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग ते इतक्या जोरात बोलले की गोदामातून दोन मेकॅनिक दारात येऊन उभे राहिले.

"विदिन अ मंथ ठेवा बाजूला. वार सांगा."

तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मला ते पाठ होतं.